पाणी तपासणी प्रयोगशाळेची देखरेख करताना रोज सर्वात आधी काय पाहावं?

मी आधी नमुन्यांच्या बाटल्या पाहतो, यंत्रं नंतर. जीवाणू तपासणीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट होतं का? नसेल तर पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि दूषित पाणी कागदावर शुद्ध ठरतं. तेच पाणी कुणाचं तरी लेकरू पिणार असतं! नमुना थंड पेटीतून यावा, शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत तपासणीला लागावा. घेतल्याची वेळ लिहिलेली नसेल तर मी नमुना पुन्हा मागवतो.

मग इन्क्युबेटरचं, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या उबदार पेटीचं तापमान, आणि पीएच मीटरचं बफरवर, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर कॅलिब्रेशन. आणि प्रत्येक बॅचसोबत ब्लँक, म्हणजे निर्जंतुक पाण्याचा कोरा नमुना, हवाच. ब्लँकमध्ये जंतूंची वाढ दिसली, तर त्या बॅचच्या एकाही अहवालावर सही करू नका, वरून कितीही घाई असो.