जुन्या घाटाचं पिस्तूल, कायद्याच्या लेखी नवंकोरं

प्रश्न : मी टूलरूममधून निवृत्त झालेला डायमेकर, राहणार सांगली. चकमकीच्या ठिणगीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलाचं डिझाइन मी केलंय. घोडा आणि चाप यांची जुळणी माझ्या स्वतःच्या डोक्यातली आहे, दमट हवेतही ठिणगी चुकत नाही. नमुना करून घ्यायला कुपवाड एमआयडीसीत तीन-चार वर्कशॉप फिरलो. बाकीच्यांनी हात वर केले. एक मालक म्हणतो, "नळी मी बोअर करून देतो, बाकीचे पार्ट दुसरीकडून घ्या. डिलिव्हरी चलनावर द्राक्षबागेच्या ब्लोअरचा पार्ट असं लिहू." घोडा आणि स्प्रिंग मी घरीच केलेत. नळीसाठी ईएन-८ पोलादाची सळई त्याच्याकडे देऊन ठेवलीय. काडतूस नाही, ठासणीचा प्रकार आहे. अँटिक असल्याने परवाना लागणार नाही, बरोबर ना? शेतासाठी बारा बोअरचा परवाना माझ्याकडे आहेच. नमुना झाला की पेटंटला अर्ज करायचा विचार आहे.

उत्तर : सळईला अजून भोक पडलं नसेल तर पडू देऊ नका. त्या मालकाला आधी फोन करा आणि मग पुढचं वाचा.

'अँटिकला परवाना नको' हे तुम्ही कुठे ऐकलंत याचा मला अंदाज आहे. अमेरिकेतल्या हौशी कारागिरांचे व्हिडिओ. तिथे १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंतची शस्त्रं 'अँटिक' म्हणून वेगळी काढली आहेत आणि चकमकीच्या पिस्तुलाची आज बनवलेली नक्कलही त्यात बसते. म्हणून तिकडचा माणूस गॅरेजमध्ये बसून निवांत नळी घासतो. ती सूट अमेरिकेची आहे, कुपवाडला लागू नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आहे. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर गोळी, छर्रा असं काहीही फेकण्यासाठी बनवलेलं हत्यार म्हणजे अग्निशस्त्र, अशी त्याची व्याख्या आहे. बार काडतुसाचा आहे की वरून ठासलेल्या दारूचा, हे ती विचारत नाही. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे बंदूक बाळगणारा शेतकरी तुम्हाला सांगेल.

सूट आहे, नाही असं नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला कायदा लागू होत नाही असं म्हटलंय. पण त्याच वाक्याची शेपटी महत्त्वाची आहे : ते हत्यार दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही असं हवं. वाड्याच्या भिंतीवरचं, नळी गंजून बुजलेलं पणजोबांचं पिस्तूल त्यात बसू शकतं. तुमचं नाही. दमट हवेतही ठिणगी चुकत नाही, असं तुम्ही पत्रात अभिमानाने लिहिलंय. कारागीर म्हणून कौतुक आहे, पण हेच वाक्य सरकारी वकील कोर्टात वाचून दाखवील.

बारा बोअरचा परवाना इथे कामाचा नाही. तो कलम ३ खालचा, ती एक बंदूक बाळगण्यापुरता. बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं यासाठी कलम ५ चा वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीत 'मिळवणं' हेही आलंय. म्हणजे लेथवर हात चालवणारा एक आणि काम सांगणारा दुसरा, दोघेही त्यात येतात. शिक्षा पूर्वी तीन ते सात वर्षं होती. आता ती किमान सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत आहे, शिवाय दंड. गुन्हा अजामीनपात्र.

आता पार्ट वाटून देण्याच्या युक्तीबद्दल. हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण असा सल्ला देणारे वर्कशॉपवाले सगळीकडे भेटतात आणि बहुतेकांचा हेतू वाईट नसतो, त्यांना फक्त काम हवं असतं. नळी एका शॉपमध्ये, चाप दुसरीकडे, दस्ता सुताराकडे, मग पिस्तूल कुणीच बनवलं नाही, असा त्यामागचा हिशेब. पण कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. किरकोळ भागांना थोडी मोकळीक आहे, ती ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचे नसतील तेव्हाच. तुमची ड्रॉइंग तर सगळे भाग एकत्र दाखवतात. वाटून दिल्याने गुन्हा लहान होत नाही, आरोपी तेवढे वाढतात, आणि कट केल्याचं कलमही लागू शकतं. त्यात ते चलन! एरवी 'मला ठाऊक नव्हतं, गिऱ्हाइकाने ड्रॉइंग दिलं, मी बोअर मारलं' असं मालक निदान म्हणू तरी शकला असता. स्वतःच्या हाताने 'ब्लोअरचा पार्ट' लिहिला की ती वाट बंद, कारण खोटं नाव तोच देतो ज्याला खरं नाव माहीत असतं. ज्या वर्कशॉपनी नाही म्हटलं त्यांच्यावर रागावू नका, शहाणे आहेत ते.

घरातला घोडा आणि स्प्रिंग यांचं काय? आयर्विन पुलावरून कृष्णेत टाकून मोकळं व्हावंसं वाटेल. तसं करू नका, आणि ते कशाला जोडूही नका. ड्रॉइंग आणि हे पत्र घेऊन फौजदारी काम करणाऱ्या स्थानिक वकिलासमोर बसा. पोलिसांना आपणहून लेखी कळवायचं का, हे वस्तू डोळ्यांनी पाहूनच ठरवावं लागेल.

आता तुमच्या कल्पनेसाठी चांगली बातमी. पेटंटच्या अर्जाला चालता नमुना लागत नाही. नीट ड्रॉइंग आणि तपशीलवार वर्णन पुरतं. आपल्या भागाचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. आधी तात्पुरतं विवरण दाखल करून तारीख पक्की करा, पूर्ण विवरणाला बारा महिने मिळतात. तोवर डिझाइन कुणाला दाखवू नका. वर्कशॉपवाल्यांना किती दाखवलंत, हेही पेटंट एजंटला खरं सांगा. परदेशात थेट अर्ज करायचा मोह आवरा. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याला त्यासाठी आधी परवानगी लागते, आणि विषय संरक्षणाशी निगडित असेल तर केंद्र सरकारची संमतीही लागते. पेटंट मिळालं तरी दुसऱ्याला ते बनवण्यापासून अडवता येईल, एवढंच. स्वतः बनवायचा परवाना त्यातून मिळत नाही.

नमुना मात्र कलम ५ चा परवाना असलेल्या उत्पादकाकडेच, त्याच्या कारखान्यात आणि त्याच्या परवान्याच्या मर्यादेत व्हायला हवा. बिहारमधल्या मुंगेरमध्ये परवानाधारक बंदूक कारखाने जुने आहेत (मुंगेर म्हटलं की आपल्याला कट्टेच आठवतात, ते वेगळं), जम्मूतही आहेत. पेटंटचा अर्ज दाखल झाल्यावर गुप्ततेचा करार करून त्यांच्याशी बोला आणि त्यांच्या परवान्याची प्रत मागून वाचा. स्वतःचा कारखाना काढायचा तर केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जावं लागेल. एका नमुन्यासाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही.

ऐतिहासिक मालिका-नाटकांसाठी दिखाऊ पिस्तूल चालणार असेल, तर नळी भरीव ठेवा : भोक नाही, ठिणगी आत जायचा कानही (बारीक छिद्र) नाही. पोकळ करून नंतर बुजवू, असं नको. दिखाऊ वस्तूचं चालतं हत्यार करणं हा कलम ६ खाली वेगळा गुन्हा आहे. विकायचा विचार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला आधी लेखी विचारा आणि पोच घ्या.

सळई परत आणताना मालकाकडून परतीचं चलन मागा. त्यावर 'ईएन-८ सळई, काम न करता परत' एवढंच लिहून घ्या.