खापरपणजोबा मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायचे असं घरात सांगतात. जुन्या नोंदींत त्यांचं नाव कसं शोधायचं?

मूळ गाव विजयदुर्गाजवळ, आडनाव मेस्त्री आणि खापरपणजोबांनी 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली असं आजी सांगायची, एवढं तुम्ही लिहिलंय. आधी वर्षं जुळवून बघा. 'त्रिंकोमाली' मुंबईत ऑक्टोबर 1817 मध्ये पाण्यात उतरली. पिढीला 28 वर्षं धरली, तर आज चाळिशीत असलेल्याचे खापरपणजोबा 1870 च्या आसपास जन्मलेले. ब्रिटनच्या रॉयल नेव्हीसाठी त्यानंतर बांधलेली 'मियानी'सुद्धा 1848 ची. म्हणजे ती गोष्ट अजून तीन पिढ्या वरच्या पुरुषाची असेल, किंवा खापरपणजोबा गोदीत होते पण काम वेगळं होतं. हे ठरल्याशिवाय दफ्तरात शिरू नका, कारण चुकीच्या दशकाचे खंड उपसण्यात महिने जातात.

वंशावळ गावातून पक्की करा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मागा. त्र्यंबकेश्वर-नाशिकला घरचं कोणी गेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांचे चोपडेही बघा. आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदांत बहुतेकदा स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि 'सुतार' एवढंच असतं. 'मेस्त्री' हा हुद्दा पुढे आडनाव झाला. इंग्रजी सूचीत तर 'रामजी'च्या शेवटी कुठे आय, कुठे दोन ई. सगळी रूपं आधीच लिहून न्या.

मग मुंबईला काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मरीन खात्याचे, म्हणजे आरमार आणि गोदी सांभाळणाऱ्या खात्याचे, खंड. आधी त्या वर्षाची सूची, तिच्यातून खंडाचा क्रमांक, मग मागणीची चिठ्ठी. खात्याचं नाव बदलत गेलंय: आधी बॉम्बे मरीन, 1830 पासून इंडियन नेव्ही, 1863 ला पुन्हा बॉम्बे मरीन, 1877 ला इंडियन मरीन, 1892 ला रॉयल इंडियन मरीन. एकाच नावाने शोधलंत तर मधली वर्षं हातातून निसटतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत याच व्यवहाराची ईस्ट इंडिया कंपनीकडची बाजू 'एल/मार' या मालिकेत आहे.

जहाजाच्या नोंदीत नाव येतं ते वाडियांसारख्या मास्टर बिल्डरचं, म्हणजे जहाजबांधणीच्या प्रमुखाचं. साध्या सुताराचं नाव पगारवाढीच्या अर्जात, अपघाताच्या चौकशीत, विधवेच्या पेन्शनच्या विनंतीत मिळतं. म्हणून सूचीत जहाजाच्या नावापेक्षा 'अर्ज', 'पेन्शन', 'कारागीर' अर्थाच्या इंग्रजी शब्दांखाली आधी बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पूर्वज 1818 च्या आधीचे निघाले, तर वाट पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे जाते, कारण विजयदुर्गाचं आरमार 1756 पासून पेशव्यांचं होतं. कागद मोडी लिपीत आणि सन शुहूर, म्हणजे वर्ष अरबी अंकनावांत सांगणारी जुनी कालगणना. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1 + 60 + 100 + 1000, सन 1161. जून ते डिसेंबरच्या कागदाला त्यात 599 मिळवा, जानेवारी ते मेच्या कागदाला 600.