टँकवरचा लाइट: 230 व्होल्ट पाण्यापासून लांब कसे ठेवायचे

तुम्ही कळवलंत: गप्पी माशांचा टँक दोन फुटी, वर काच नाही, दुकानदाराने दिलेल्या प्लास्टिकच्या हूडमध्ये (वरच्या झाकणात) घरातलाच साधा एलईडी बल्ब, घरात लहान मूल, आणि पाण्यात हात घातला की बोटांना मुंग्या येतात. लाइट कुठला घ्यायचा, फॉल्स सीलिंगमधून उरलेली एलईडी पट्टी चालेल का, लाइट रात्रभर ठेवावा का, हे तुम्ही विचारलंत ते नंतर बघू. आधी टँकचे सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बऱ्याच घरांत वायरमनने बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर टाकलेलं असतं. तिथे बटण बंद असलं तरी वायरीत फेज असतोच. मग एकेक वस्तू लावून, बोट बुडवून कुठून करंट येतोय ते शोधायच्या फंदात पडू नका. हीटर, पंप आणि हूड तिन्ही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हीटरच्या काचेला बारीक तडा गेला असेल तरी असंच होतं.

हूडमधला बल्ब मात्र तपासणीत निर्दोष ठरला तरी काढाच. एअर पंपाचे बुडबुडे फुटतात तिथून पाण्याचे बारीक तुषार उडतात, वाफही वर जाते, आणि होल्डरमध्ये ओल व क्षार साचतात. शिवाय बऱ्याच स्वस्त एलईडी बल्बांत आतली प्लेट थेट 230 व्होल्टच्या लाइनवर असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. वरचं प्लास्टिक तडकलं की उघडी लाइन पाण्यावर टांगल्यासारखंच. काचेला रबरी चोषकांनी चिकटवून पाण्यात बुडवायचे जे दोन पिनचे लाइट मिळतात, तेही मी घेत नाही. सील किती वर्षं टिकेल हे डोळ्यांना दिसत नाही.

माझा नियम एवढाच: 230 व्होल्ट भिंतीपाशीच थांबले पाहिजेत. तिथे अडॅप्टर, आणि टँककडे येणारी वायर फक्त 12 किंवा 24 व्होल्ट डीसीची. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि त्याखाली 'आर-' ने सुरू होणारा नंबर बघून घ्या. लाइट 12 वॅटचा असेल तर 12 व्होल्टला 1 अँपिअर लागतो, म्हणून दीड-दोन अँपिअरचा अडॅप्टर घ्या; काठोकाठ घेतलेला तापतो. अडॅप्टर टँकखाली जमिनीवर नको, टँकच्या मागे लोंबकळतही नको. प्लगपाशी जाणाऱ्या प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली उतरेल असा झोळ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. फुकटचा उपाय आहे, पण निम्म्या घरांत दिसत नाही.

आता तुमच्या फॉल्स सीलिंगमधून उरलेल्या पट्टीबद्दल. धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते 'आयपी' आकड्यावरून कळतं. ती बहुधा आयपी 20 असेल, म्हणजे पाण्यापासून संरक्षण शून्य. टँकवर निदान आयपी 65 हवी, 67 असेल तर उत्तम. आणि सिलिकॉनची पट्टी कापली की कापलेल्या टोकाला ते रेटिंग उरत नाही, टोक सिलिकॉन लावून बंद करावं लागतं. मागचा चिकट टेप दमट हवेत सुटतो, म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. 12 व्होल्टने तुम्हाला काही होणार नाही, पण पट्टी पाण्यात पडली तर तांबं झिजून पाण्यात उतरतं, आणि कोळंबी-गोगलगायी असतील तर त्यांना ते विष आहे.

चॅनेल आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण टाका, कडेला थोडी फट हवेसाठी. गप्पी उड्या मारतात, तोही प्रश्न सुटतो. काच दर आठवड्याला पुसा, नाहीतर क्षारांच्या थराने उजेड अडतो.

मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. जास्त लोड किंवा शॉर्टला पडणारा एमसीबी असेलच, पण तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का बघायचं. घरात लहान मूल आहे म्हणता, तर नवीन लाइटच्या आधी हा खर्च करा.

किती वॅट? दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक म्हणजे साधारण 55 लिटर. अनुबियास, जावा फर्नसारख्या सावलीतल्या झाडांना 10 ते 12 वॅटचा, 6500 केल्विनचा (पांढऱ्या उजेडाचा) एलईडी पुरतो. झाडं प्लास्टिकची असतील तर 5-6 वॅटही खूप झाले. निळसर झगमगाट आवडत असेल तर हरकत नाही, पण 'जंतू मारतो' असं सांगून कोणी उघडी यूव्ही (अतिनील किरणांची) ट्यूब दिली तर घेऊ नका. ती माशांना आणि तुमच्या डोळ्यांना घातक आहे, तिची जागा फिल्टरच्या बंद डब्यात.

रात्रभर लाइट ठेवायचं विचारलंत. नको. माशांना पापण्या नसतात, त्यांना अंधार लागतो, आणि सतत उजेड असला की काचेवर शेवाळ चढतं. दिवसाला सहा ते आठ तास पुरे. शंभर कामांत बंद करायचं राहतं, म्हणून प्लगचा टायमर लावा. पण त्यावर फक्त लाइट. फिल्टर आणि एअर पंप वेगळ्या सॉकेटवर, ते चोवीस तास चालू राहिले पाहिजेत.