आत्मघातकी गोल म्हणू नका हो

प्रश्न असा आलाय की फुटबॉलमध्ये ज्याला 'फ्लूक गोल' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द कोणता, 'तुक्का' चालेल का, आणि पेपरात येतो तो 'आत्मघातकी गोल' म्हणजे हेच का.

शेवटचं आधी घेतो कारण त्याच शब्दानं माझं डोकं उठलंय. नाही, ते हे नाही, पेपरवाले तो शब्द सेल्फ गोलला लावतात, म्हणजे खेळाडूकडून आपल्याच जाळ्यात बॉल गेला की. आणि 'आत्मघातकी' हा शब्द गोलाला लावूच नये, कुठल्याच. (दोन अपवाद आहेत, खाली सांगतो.)

फ्लूक म्हणजे जहाजाच्या नांगराचा फाळ, देवमाशाची शेपटी, एक चपटा मासा वगैरे सगळं सोडून द्या, आपल्याला हवा तो अर्थ एकोणिसाव्या शतकात बिलियर्डच्या टेबलावरून आला, म्हणजे मारायचा होता एक चेंडू आणि पडला दुसराच. तुक्का त्याच्या जवळचा आहे पण तंतोतंत तो नाही. तुक्का म्हणजे टोक नसलेला बाण, 'लगा तो तीर नहीं तो तुक्का' हे हिंदीवाले म्हणतात त्यातला. म्हणजे तुक्का हा मारण्याचा प्रकार झाला, लागण्याचा नाही. परीक्षेत आपण तुक्का मारतो तेव्हा तो चुकला तरी तुक्काच असतो, फ्लूक मात्र लागल्याशिवाय फ्लूक होत नाही. बोलताना 'मटका लागला' जास्त बरोबर बसतं.

आता आत्मघातकी. आत्मघात म्हणजे आत्महत्या, जाणूनबुजून केलेली. शिवाय मराठीत नुसता 'घातकी' म्हटलं की दगाबाज, विश्वासघात करणारा असाही अर्थ मनात येतोच. आणि आज हा शब्द आपण कुठं वाचतो? आत्मघातकी हल्ला, आत्मघातकी पथक. पान एकवर बॉम्बस्फोट आणि शेवटच्या पानावर बिचारा डिफेंडर, दोघांना एकच विशेषण! माझ्या मते हा हिंदीतल्या 'आत्मघाती गोल'वरून डोळे मिटून उचललाय, आणि कुणी तरी एकदा लिहिला म्हणून सगळे लिहितात.

मला हा शब्द का सहन होत नाही ते सांगतो. 22 जून 1994, अमेरिकेतला वर्ल्डकप, पॅसाडिनाचं मैदान, जॉन हार्क्सनं डावीकडून मारलेला क्रॉस अडवायला कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार पाय लांब करून घसरला आणि बॉल त्याच्याच जाळ्यात गेला. अमेरिका 2-1 जिंकली, कोलंबिया पहिल्याच फेरीत बाहेर. 2 जुलैला कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. त्या माणसानं काय केलं होतं? आपलं काम केलं होतं, बॉल आणि गोलच्या मधे पाय घातला होता, डिफेंडरनं तेच करायचं असतं. त्या गोलाला आत्मघातकी म्हणणं म्हणजे दोष त्याचा होता असं म्हणण्यासारखंच आहे, आणि मी ते कधीच म्हणणार नाही.

मग शब्द काय? इथं मला ज्या शब्दाबद्दल बोलायचंय तो येतो, आणि तो जवळजवळ कुणाला माहीत नसतो याचं मला फार वाईट वाटतं. पाणिनीचं एक सूत्र आहे, पाचवा अध्याय, तिसरा पाद, 106वं. त्यावर काशिका या टीकाग्रंथात उदाहरणं दिलीत: काकतालीय, अजाकृपाणीय, अंधकवर्तकीय. तीनही शब्द अवचित घडणाऱ्या गोष्टींचे! फुटबॉलमधल्या विचित्र गोलांची अख्खी वर्गवारी त्या तीन शब्दांत बसलीय, मी अनेक वर्षं बसवून बघतोय, बसतेच.

अजाकृपाणीय बघा. अजा म्हणजे शेळी, कृपाण म्हणजे तलवार. गोष्ट अशी की शेळीला कापायला आणलंय पण हत्यार सापडत नाहीये, आणि शेळी आपल्या सवयीनं खुरांनी जमीन उकरते तर तिथं पुरलेली तलवारच वर येते. महाभारतात सभापर्वात द्यूताच्या वेळी विदुर हाच दाखला देतो, तिथं बोकड आहे, पायांनी जमीन उकरतो आणि स्वतःच्या गळ्याची तजवीज करतो. सेल्फ गोलला यापेक्षा नेमका शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत असेल असं मला वाटत नाही. शेळीला मरायचं नव्हतं. ती फक्त शेळ्या जे करतात ते करत होती, आणि तेही पायांनी!

काही लोक या शब्दाची दुसरीच गोष्ट सांगतात की टांगलेल्या तलवारीखालून शेळी चालली होती आणि नेमकी तेव्हाच तलवार पडली. ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही. तसं असतं तर काकतालीय (त्याची गोष्ट खाली सांगतो) आणि अजाकृपाणीय यांत फरकच काय राहिला, दोन्हीत वरून काहीतरी पडतंय आणि खालचा मरतोय, मग एकाच सूत्राखाली एकाच छापाची दोन उदाहरणं कशाला द्यायची? शेळीनं काहीतरी केलं पाहिजे, तरच ती गोष्ट वेगळी. टांगती तलवारवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

ख्रिस ब्रास आठवतो? 2006 साली इंग्लंडच्या बरी (Bury) नावाच्या क्लबकडून खेळताना आपल्याच गोलसमोरून बॉल डोक्यावरून मागं बाहेर मारायला गेला, तो थेट त्याच्याच तोंडावर आपटला आणि तिथून जाळ्यात. नाक मोडलं. बॉल बाहेर काढायचा म्हणूनच पाय चालवला होता. शुद्ध अजाकृपाणीय.

किंवा एंकलमनचा किस्सा, 16 सप्टेंबर 2002, बर्मिंगहॅम विरुद्ध ॲस्टन व्हिला. व्हिलाच्या मेलबर्गनं आपल्या गोलकीपरकडे, म्हणजे एंकलमनकडे, साधा थ्रो-इन टाकला, एंकलमन पाय लावायला गेला आणि बॉल त्याच्या बुटाखालून जाळ्यात. यात नियमाची मजा आहे, थ्रो-इन कुणाला न लागता आपल्याच जाळ्यात गेला तर तो गोल नसतो, समोरच्याला कॉर्नर मिळतो. म्हणजे सगळं अडलं होतं बुटाला बॉल लागला का नाही यावर. रेफ्री एलरे म्हणाले लागला, गोल. एंकलमन खुशाल बाजूला उभा राहिला असता तर कॉर्नर मिळाला असता आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं! शेळीनं जमीन उकरली नसती तर तलवार सापडलीच नसती, तेच हे. टांगत्या तलवारीच्या गोष्टीत हे कुठं बसतं सांगा.

आता काकतालीय. याचा अर्थ सरसकट 'योगायोग' असा देतात ते मला फार ढिलं वाटतं. आपली म्हण आहे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ती वेगळं सांगते, ती सांगते की कावळ्यामुळं फांदी तुटली असं समजू नका. काशिकेतला कावळा बसत नाही, मरतो. कावळा सहज आला, ताडाचं फळ सहज पडलं, आणि त्या फळानं कावळा मेला. म्हणजे नुसती दोन गोष्टींची गाठ पडून भागत नाही, कुणाचा तरी बळी जावा लागतो. 17 ऑक्टोबर 2009, संडरलँड विरुद्ध लिव्हरपूल, पाचव्याच मिनिटाला संडरलँडच्या डॅरेन बेंटनं शॉट मारला आणि गोलच्या तोंडाशी एक लाल बीचबॉल पडला होता, लिव्हरपूलच्याच प्रेक्षकांतून आलेला. बेंटचा बॉल त्या फुग्याला लागून वळला, कीपर रेइना एकीकडे आणि गोल दुसरीकडे. मॅच 1-0. खरं तर नियमाप्रमाणे बाहेरची वस्तू मधे आली की खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायचा असतो, तो गोल द्यायलाच नको होता, रेफ्रीला पुढच्या आठवड्यात खालच्या डिव्हिजनची मॅच दिली. तर फुगा सहज आला, शॉट तिकडूनच गेला, आणि रेइना म्हणजे कावळा. याला पण कुणीतरी आत्मघातकी म्हणेल, लिव्हरपूलचाच फुगा म्हणून!

अंधकवर्तकीय तिसरं. वर्तक म्हणजे लावा जातीचा पक्षी, हिंदीतला बटेर. आंधळ्यानं सहज हात फिरवला आणि पक्षी हातात आला, 'अंधे के हाथ बटेर' ही हिंदी म्हण त्याच घरातली. इथं कर्ता आहे, तो काहीतरी करतोय, आणि फळ चांगलं मिळतंय. खरा फ्लूक हाच. 2 नोव्हेंबर 2013, स्टोकचा गोलकीपर बेगोविच, साउदॅम्पटनविरुद्ध, मॅच सुरू होऊन 13 सेकंद झाली होती. नुसता लांब बॉल मारला, वाऱ्यानं उचलला, टप्पा पडला तो समोरच्या कीपर बोरुकच्या डोक्यावरून आत. 91.9 मीटर, गिनेसमध्ये नोंद झाली, पुढं 2021 मध्ये न्यूपोर्टच्या टॉम किंगनं 96.01 मीटरवरून मारून ती मोडली, तोही गोलकीपरच. बेगोविचनं गोलचा आनंद केला नाही, बोरुकबद्दल वाईट वाटलं म्हणून. हा माणूस मला तेव्हापासून आवडतो.

राहिले दोन अपवाद, जिथं आत्मघातकी म्हणायला माझी हरकत नाही कारण तिथं खरोखर ठरवून केलं. जानेवारी 1994 मध्ये कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत बार्बाडोसला ग्रेनेडावर दोन गोलांनी जिंकणं भाग होतं, आणि नियम असा विचित्र की एक्स्ट्रा टाइममधला गोल्डन गोल, म्हणजे ज्यानं मॅच तिथंच संपते तो, दोन धरायचा. मॅच संपत आली आणि 2-1 असताना बार्बाडोसनं एक्स्ट्रा टाइम मिळावा म्हणून आपल्याच जाळ्यात बॉल मारून 2-2 केलं, मग ग्रेनेडावाले कुठल्याही बाजूला एक गोल करायला धडपडतायत आणि बार्बाडोस दोन्ही गोल राखतंय. एक्स्ट्रा टाइममध्ये त्यांनी गोल मारला, 4-2. दुसरा मादागास्करचा, 31 ऑक्टोबर 2002, रेफ्रीवर चिडून एका टीमनं सगळी मॅच आपल्याच जाळ्यात बॉल मारले, 149-0. आणि गंमत बघा, बार्बाडोसचं त्यात भलंच झालं, ते पुढच्या फेरीत गेले, त्यामुळं तिथंही 'घात' कितपत लागू होतो मला शंकाच आहे.

तर तुमच्या फ्लूकला लिहिताना अंधकवर्तकीय लिहा, लोक विचारतील तेव्हा गोष्ट सांगा, आणि बोलताना मटका म्हणा. सेल्फ गोलला पेपरवाल्यांनी निदान 'स्वयंगोल' लिहावं, तो रुळलेला आहे आणि कुणावर आरोप करत नाही. बोलायला तर आपला 'सेमसाइड' आहेच, इंग्लंडात कुणाला कळणार नाही पण आपल्याकडं गल्लीतल्या पोरालाही कळतो. फक्त तो जोडून लिहा, 'सेम साइड' असा तोडून नको, आणि साइड स्त्रीलिंगी म्हणून 'सेमसाइड झाली' हेच बरोबर, 'सेमसाइड झाला' म्हणणारे मनातल्या मनात गोल धरून बोलतात.