मुंबईतल्या शेवटच्या डबल डेकरला लोकांनी हार का घातले? एका बसचं एवढं काय?

त्या दिवशी मी आईला घेऊन तिथे गेले होते, म्हणून उत्तर लिहितेय.

१५ सप्टेंबर २०२३. अंधेरी पूर्वेला स्टेशनबाहेरचा आगरकर चौक आणि तिथून सीप्झला, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात-कारखान्यांच्या वसाहतीला, जाणारी ४१५ नंबरची गाडी. बेस्टची, म्हणजे मुंबईच्या सार्वजनिक बससेवेची, डिझेलवर चालणारी शेवटची साधी डबल डेकर. हार घातले होते, फुगे लावले होते, लोक मोबाइल वर धरून उभे होते. आई मात्र फोटो काढायच्या भानगडीत पडली नाही. मागच्या जिन्याचा दांडा धरून ती वर चढली आणि गुडघे दुखत असतानाही थेट पुढच्या सीटपर्यंत गेली.

आई एकवीस वर्षं सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात होती. खडे बसवायचं काम. मोहरीपेक्षा लहान खडा चिमट्यात धरायचा, भिंगातून बघायचं, आणि हे दिवसभर. संध्याकाळी सुटल्यावर तिला वीतभर अंतरापलीकडचं धूसर दिसायचं. म्हणून घरी येताना ती डबल डेकरचीच वाट बघायची. आधी आलेली साधी बस सोडून द्यायची. वर, अगदी पुढे बसायचं, खिडकी उघडायची आणि लांब बघत राहायचं. ‘डोळे मोकळे होतात,’ म्हणायची. आम्ही चाळीत तळमजल्यावर राहायचो. खिडकीसमोर दुसऱ्या चाळीची भिंत. लांबचं बघायला मिळेल अशी तिच्या दिवसात तेवढी एकच जागा होती, आणि ती बसच्या तिकिटात मिळत होती.

मला वाटतं, हार घालणाऱ्या प्रत्येकाकडे असं काही ना काही होतं. वर उभं राहायला परवानगी नसायची, त्यामुळे वर जागा मिळाली म्हणजे हक्काची बसायची जागा मिळाली. झाडाची फांदी खिडकीवर सपकन आपटायची आणि पोरं ओरडायची. वरचा कंडक्टर वेगळा, खालचा वेगळा. पंचची टिकटिक जिन्यावरून वर येताना ऐकू आली की मी मुठीतले सुट्टे पैसे मोजायला लागायचे. मराठी आकडे तर मी बसच्या पाट्यांवरच शिकले. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण बसच्या कपाळावर ४१५ मराठीत असायचं. स्टॉपवर उभी राहून आई विचारायची, ‘कुठली आली गं?’ ते वाचता वाचता आकडे आले.

आता ती बंद का केली, ते. मुंबईत डबल डेकर बस आली १९३७ साली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशा जवळपास नऊशे गाड्या होत्या. पण एका गाडीला दोन कंडक्टर लागायचे, डिझेल जास्त खायची, आणि पंधरा वर्षं झाली की गाडी रस्त्यावरून काढावीच लागते. जुन्या जात गेल्या, तशा नव्या घेतल्या नाहीत. हिशोब मला कळतो. तरी हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला कोणी नीट बघितलं असं मला वाटत नाही. रस्त्यावर एका बसएवढीच जागा व्यापून ही गाडी दीडपट माणसं न्यायची. ज्या शहरात रस्ता रुंद करायला जागाच उरलेली नाही, तिथे ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि मला खरी काळजी आहे ती एका प्रकारच्या गाडीची नाही, बेस्टचीच आहे. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. २०१०च्या सुमाराला ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या. आज भाड्याने घेतलेल्या धरूनही तीन हजार भरत नाहीत. मे २०२५मध्ये साध्या बसचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं. गाडीवाल्या माणसाला हे जाणवणारही नाही. पण आमच्या इमारतीत चार घरची कामं करणाऱ्या मावशी तेव्हापासून दोन स्टॉप चालत येतात. पावसात, हातात चपला घेऊन. बेस्ट तोट्यात आहे असं कोणी म्हणालं की मला त्या दिसतात. त्यांनी वाचवलेले दहा रुपये कुठल्या खात्यात धरायचे? पाणी, दवाखाना यांवर खर्च होतो तेव्हा आपण तोटा म्हणत नाही. बसलाच का म्हणायचं?

नवी विजेवरची एसी डबल डेकर फेब्रुवारी २०२३पासून आली आहे. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नाट्यगृहाकडे जाणारी ११५ नंबरची. जुनी गेल्यावर मी आईला मुद्दाम तिच्यात घेऊन गेले. वर गार हवा, मऊ सीट, जिनाही चांगला. आईने सवयीने खिडकीची कडी शोधली. काच बंदच असते, उघडत नाही. तिचा हात तिथेच राहिला. मग एनसीपीएपाशी समोर समुद्र आला. ती पुढे सरकून बसली, चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला. बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटचा स्टॉप आला तशी मी उठले. ती म्हणाली, ‘परत जायचंही हिचंच तिकीट काढ. वर बसू.’