ग्रीक भांडी बघायला शिकताना

सुरुवात अथेन्सच्या चित्रित भांड्यांपासून करा. आधी एवढंच ओळखा: आकृती काळी की तांबडी? काळ्या आकृतीतले बारकावे टोकदार हत्याराने कोरलेले असतात. इ.स.पू. 530च्या सुमारास पद्धत उलटली: पार्श्वभूमी काळी, आकृती मातीच्या रंगाची, आतल्या रेषा कुंचल्याच्या. त्यामुळे स्नायू आणि वस्त्रांच्या चुण्या किती मोकळ्या झाल्या! आणि तो काळा म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. गाळलेल्या चिकणमातीचा पातळ लेप, भट्टीत हवा कोंडून काळा केलेला. व्हॅटिकनच्या संग्रहालयातल्या, एक्सेकियास या अथेन्सच्या चित्रकाराच्या अँफोराच्या (दोन कानांच्या उंच कुंभाच्या) छायाचित्रापुढे मात्र तासभर बसा. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स पटावरच्या खेळात गढलेत. ‘चार’, ‘तीन’ हे डावातल्या आकड्यांचे शब्द त्यांच्या तोंडाशी लिहिलेत. अंगावरच्या झग्यांचं कोरीवकाम मोठं करून पाहा.