खानापूर भागात शेतात रानडुकरं येतात, नेमबाजीही शिकायचीय. एअरगन घ्यावी की बंदूक?

नेमबाजीसाठी एअरगन घ्या, पण रानडुकरावर ती अजिबात चालवू नका. विनापरवाना मिळणारी ०.१७७ इंची एअरगन कायद्यानेच २० जूलच्या (जूल म्हणजे छर्‍याच्या माराच्या ऊर्जेचं माप) आत असते; .२२ इंची बंदुकीचं साधं काडतूससुद्धा १०० जूलच्या वर जातं. एअरगनच्या छर्‍याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं आणि सकाळी पाणी पाजायला गेलेल्या माणसावर येतं. बंदुकीला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसचा परवाना लागतो, तो असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हत्याराला सूट नाही. एअरगनने मोर पाडला तरी शिकारीचाच गुन्हा.

निशाण्यासाठी मात्र एअरगनसारखं शिक्षण नाही. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे श्वासाची नि बोटाची चूक लगेच कागदावर दिसते. ५० मीटरला .२२ ची रायफल लागते, शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंचं २०२४ चं पॅरिस कांस्य त्याच प्रकारातलं. फक्त चष्मा घाला आणि निशाण्यामागे मातीचा बांध ठेवा, दगडावरून छर्रा उलटा येतो.